धूळ कुठली, तारा कुठला

"थांबा! पुसू नका!"

मी काउंटरच्या आतून ओरडले तसा त्या बाईंचा हात हवेतच थांबला. एका हातात निगेटिव्हची पट्टी होती, दुसऱ्या हातात पदर. साडी नायलॉनची. पदराच्या टोकाने त्या निगेटिव्ह असं पुसत होत्या जसं आपण चष्म्याची काच पुसतो.

"अवो ताई, धूळ बसलीया त्येच्यावर. म्हणून पुसालोय."

"किती वेळा पुसलंत?"

"रोजच की. दवाखान्यात लई धूळ हाय. पुसलं की परत बसतीया."

मी काउंटरवर स्वच्छ टिश्यू पसरला आणि म्हणाले, "काकू, आता ती पट्टी अलगद यावर ठेवा. फक्त कडेला धरून."

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका कलर लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. निगेटिव्ह साफ करणं, मोठे प्रिंट हाताने काढणं आणि प्रिंटवरचे डाग घालवणं ही माझी कामं. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट आहे. डिजिटल कॅमेरे लग्नाच्या फोटोग्राफरांकडेसुद्धा अजून आले नव्हते. सगळं फिल्मवर चालायचं आणि फिल्मचा पहिला शत्रू धूळ.

काकूंची धूळ पुन्हा पुन्हा का बसत होती, ते सांगते. पूर्वीच्या टीव्हीच्या काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची, आठवतं? ती स्थिर वीज. आम्ही लॅबमध्ये तिला नुसतं 'स्टॅटिक' म्हणायचो. कोरड्या हवेत प्लास्टिक घासलं की ते तयार होतं. फिल्म म्हणजे शेवटी प्लास्टिकच. त्यावर नायलॉनचा पदर घासला की फिल्म धूळ ओढून घ्यायला लागते. म्हणजे जितकं पुसाल तितकी धूळ जास्त. त्यातून दिवस संक्रांतीचे होते. ओठ फुटत होते, इतकी हवा कोरडी.

मी पट्टी लाइट बॉक्सवर ठेवली. लाइट बॉक्स म्हणजे खालून दिवा लावलेली दुधी काच. पहिल्या फ्रेममध्ये गोठ्यापुढे उभ्या असलेल्या याच काकू होत्या, शेजारी म्हैस. पुढच्या फ्रेम नुसत्या पारदर्शक दिसत होत्या. निगेटिव्हवर पारदर्शक म्हणजे प्रिंटवर काळं.

"यात काय आहे काकू?"

"आभाळ," त्या म्हणाल्या. "चांदण्या तुटताना काढलंय आमच्या सरांनी."

त्यांचं नाव इंदुमती. शाहूवाडीकडच्या एका खेड्यातून आलेल्या. नवरा तिथल्या हायस्कूलला विज्ञान शिकवायचा, म्हणून त्या स्वतःही नवऱ्याला 'सर'च म्हणायच्या. नोव्हेंबरात एका पहाटे खूप उल्का पडणार असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. दोघं गावामागच्या सड्यावर गेली. सड्यावर म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर. सरांनी कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर ठेवला आणि फोटो काढले. रोल पूर्ण झाला नव्हता म्हणून तो कॅमेऱ्यातच राहिला. तेव्हा सगळेच असं करायचे. उरलेल्या फ्रेम यात्रेला किंवा बारशाला वापरायच्या.

मग डिसेंबरात सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं बंद झालं.

"आता हितं कोल्लापुरातच दवाखान्यात हायत," काकू म्हणाल्या. "कुणाला वळकत्यात का न्हाई, कळंना. डॉक्टर म्हणत्यात, कितपत समजतंय सांगता येत न्हाई. माझा भाऊ म्हणतोय, घरला न्हेऊया, हितं ठिऊन काय उपेग? शनवारी गाडी घिऊन येणार हाय. मला वाटलं, हे फोटू दावलं तर..."

त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आधी ज्यांच्याकडे रोल धुतला होता त्यांनी त्यावर लिहिलं होतं, 'ब्लँक'.

यात त्या दुकानाचा दोष नव्हता. प्रिंट काढणारं मशीन आपलं आपण ठरवतं, फ्रेममध्ये काही आहे की नाही. रात्रीचं आभाळ त्याला रिकामंच वाटतं. पण सरांना ते माहीत असावं. पहिली फ्रेम त्यांनी मुद्दाम दिवसा, काकूंची काढली होती. त्यामुळे पट्टी कापणाऱ्याला फ्रेम कुठं सुरू होते ते कळलं. नाहीतर आभाळ मधोमध कापलं गेलं असतं.

आमचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, मागून येऊन लाइट बॉक्सवर वाकले. अण्णा गडहिंग्लजकडचे. घरी कन्नड बोलायचे आणि मला अक्का म्हणायचे.

"अक्का, ह्यात काय आहे ते?"

"बघू द्या." मी लूप लावला. लूप म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग. ते निगेटिव्हवर टेकवून आत बघायचं.

मी आत बघितलं. मशीनने ज्याला ब्लँक म्हटलं होतं त्या फ्रेमवर शेकडो काळे ठिपके होते. आणि त्या ठिपक्यांवरून, वरून खाली, पाच बारीक काळ्या रेघा गेल्या होत्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये जाड. निगेटिव्हवर काळं ते प्रिंटवर पांढरं. म्हणजे पाच तुटते तारे एका फ्रेममध्ये.

"अण्णा, बघा."

अण्णांनी बराच वेळ बघितलं. मग लूप काढून काकूंकडे वळले.

"बाई, हे आम्ही हातानं काढून देतो. मशीनला घालत नाही."

"शनवारच्या आत हुईल?"

"ते अक्काला विचारा."

मी हो म्हणाले. म्हणताना मला अजून अडचण कळली नव्हती.

पहिलं काम, स्टॅटिक घालवायचं. ते घालवल्याशिवाय धूळ निघत नाही. मी डार्करूमच्या फरशीवर पाणी मारलं आणि एक ओली चादर दोरीवर टाकली. हवेत ओल आली की स्टॅटिक आपोआप विरतं. एन्लार्जरला, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राला, एक तार बांधलेली होती. तिचं दुसरं टोक नळाच्या पाइपला. ते अर्थिंग. मी स्वतः लॅबमध्ये कायम सुती साडी नेसून यायचे, त्याचंही कारण हेच.

मग धूळ. दवाखान्यातली असो की रस्त्यावरची, धूळ काचेसारखी बोचरी असते. कोरडी पुसली की चरे पडतात आणि एकदा पडलेला चरा पुन्हा जात नाही. म्हणून आधी रबरी पंपाने हवा मारायची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. मग अगदी मऊ केसांचा ब्रश, वजन न देता, एकाच दिशेने. तरीही जे चिकटून राहतं त्यासाठी शेवटचा उपाय म्हणजे फिल्म पुन्हा भिजवणं. पाण्यात फिल्मवरचा थर जरा फुगतो आणि अडकलेले कण सुटतात. पण ओला थर सायीसारखा नाजूक असतो. नख लागलं तरी संपलं. आणि वाळताना थेंब राहिला तर त्याचा डाग पडतो, म्हणजे एक धूळ काढून दुसरी आणली.

दुसऱ्या कुठल्या कामाला मी हे केलं नसतं. इथं केलं. काकूंच्या पदराचे धागे थरात रुतून बसले होते. फिल्म धुताना शेवटी वापरतात त्या पाण्यात पट्टी सोडली तेव्हा मी श्वासही जपून घेत होते. मग ती बंद कपाटात टांगली आणि कुणालाही त्या बाजूला फिरकू दिलं नाही. अण्णा स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

वाळल्यावर मोठा प्रिंट काढला. कलर पेपर पूर्ण अंधारात हाताळावा लागतो, त्यामुळे प्रिंट यंत्रातून कोरडा होऊन बाहेर येईपर्यंत आपल्यालाही काही दिसत नाही. तो बाहेर सरकत आला. आधी पांढरी कड. मग काळं. मग त्या काळ्यात चांदण्या, आणखी चांदण्या, आणि हिरवट झाक असलेल्या त्या पाच रेघा. खाली कोपऱ्यात डोंगराची कड.

लॅबमध्ये तेव्हा कामाची गडबड होती. कटिंगवाला, काउंटरवाला, बिल द्यायला आलेले एक फोटोग्राफर, सगळे येऊन उभे राहिले.  फोटोग्राफर म्हणाले, "हे आपल्या इथलं आभाळ आहे?" मी म्हणाले, "शाहूवाडीचं." ते पुन्हा बघत राहिले. आयुष्यभर डोक्यावर असलेली वस्तू पहिल्यांदा दिसल्यासारखे.

मीही तशीच उभी होते. मग सवयीने लूप घेऊन डाग शोधायला बसले आणि तिथं अडले.

लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावर पांढरा ठिपका असेल तर ती धूळ. कारण नवरीच्या गालावर पांढरा ठिपका नसतो. निगेटिव्हवरचा कण प्रकाश अडवतो, म्हणून प्रिंटवर तेवढी जागा पांढरी राहते. खसखशीपेक्षा बारीक कण मोठ्या प्रिंटवर ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. तो आम्ही अगदी बारीक ब्रशने, आजूबाजूचा रंग भरून बुजवतो. याला स्पॉटिंग म्हणतात. माझं आवडतं काम.

पण इथं सगळा फोटोच पांढऱ्या ठिपक्यांचा. एवढं धुऊन, झटकूनही काही कण राहिलेच होते, ते राहतातच. त्यातली धूळ कुठली आणि तारा कुठला?

"मोठं मोठं ठेव, बारीक बुजवून टाक," अण्णा म्हणाले.

"अण्णा, बारीक ताऱ्यावर रंग फिरवला तर?"

"एक तारा गेला तर कोण मोजायला बसलंय?"

"ज्याने काढलाय तो."

अण्णांनी प्रिंट पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाले, "तर मग काहीच बुजवू नको."

"आणि धुळीला तारा म्हणून देऊ?"

दोन फ्रेम सारख्या असत्या तर सोपं होतं. तारा दोन्हींत त्याच जागी दिसतो, धूळ दोनदा त्याच जागी बसत नाही. पण सरांनी दर फोटोला कॅमेरा वेगळीकडे फिरवला होता. ही बाजू याच एका फ्रेममध्ये. मी ओळखीचं शोधलं. मृग नक्षत्र दिसलं, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दिसला. तेवढंच मला येत होतं. बाकीच्यांची नावं मला माहीत नव्हती. आणखी एक गोष्ट दिसली. मोठे तारे लूपमधून पाहिले तर ते गोल नव्हते, किंचित लांबट होते. मी मनात म्हटलं, कॅमेरा जरा हललाय. आमच्या भाषेत शेक. खेड्यात तिकाटणं कसलं असणार, असं वाटलं आणि सोडून दिलं.

शुक्रवार उजाडला. मी अण्णांना म्हणाले, "हा प्रिंट तसाच घेऊन दवाखान्यात जाते."

"त्यांना कळतं का काही?"

"नाही कळलं तर निदान बघतील तरी."

दुपारची भेटायची वेळ होती. प्रिंट पुठ्ठ्यावर लावून घेतला, लूप घेतला आणि मेणाची लाल पेन्सिल. हिची खूण फोटोवरून पुसता येते.

सर खिडकीजवळच्या खाटेवर होते. उशीला टेकवून बसवलेले. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडलेला. नजर समोरच्या भिंतीवर. काकू बाजूच्या स्टुलावर. पायाशी उभा असलेला आडदांड माणूस काकूंचा भाऊ, सदाशिव. गाडी एक दिवस आधीच घेऊन आला होता.

"ह्या लॅबातल्या ताई," काकूंनी सांगितलं.

"बसा ताई, बसा," सदाशिव अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं बोलला. "कशाला एवढा तरास घेटला? त्यास्नी काय कळतंय आता? मी कवाधरनं हाका मारतोय, दाजी दाजी म्हणून. भित्तीकडं बघत्यात नुस्तं."

मी प्रिंट सरांच्या मांडीवर ठेवला. त्यांची नजर हळूहळू खाली आली. भिंतीवरून चादरीवर, चादरीवरून फोटोवर. मग तिथंच राहिली.

"बगितलं!" काकू म्हणाल्या.

"बगत्यात गं आक्का. चादरीकडंबी तसंच बगत्यात."

मी वाकले आणि साध्या आवाजात म्हणाले, "सर, फोटो सुंदर आलाय. पण माझी एक अडचण आहे. निगेटिव्हवर धूळ होती. यात धूळ कुठली आणि तारा कुठला, मला ओळखता येत नाही. धूळ असेल तिथं तुम्ही खूण करा." आणि पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली.

हात बराच वेळ तसाच राहिला. मग हलला. पेन्सिल फोटोवर न जाता कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेली. त्यांनी एक छोटी रेघ ओढली. तिरकी, वर डावीकडून खाली उजवीकडे. मग तिच्या शेजारी दुसरी, तशीच. मग तिसरी. मग चौथी.

काकूंचा चेहरा पडला. "असंच करत्यात वो. चादरीवरबी बोटानं रेघा वडत बसत्यात."

"ल्हान पोरागत," सदाशिव म्हणाला. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता. त्याला वाईट वाटत होतं, हे तेव्हा मला कळलं.

मलाही वाटलं, संपलं. मी प्रिंट उचलायला हात पुढे केला. सरांनी पेन्सिल टाकली आणि त्याच डाव्या हाताने माझ्या हातातला लूप धरला. पकड घट्ट होती. लूप त्यांनी फोटोवर नेला, सरकवत सरकवत एका जागी टेकवला आणि माझ्याकडे बघितलं.

भिंतीकडे बघणारी ती नजर नव्हती. वर्गात आपल्याकडे वळते ती नजर होती.

मी डोळा लावला. आत एक तारा होता. गोल नव्हता, बारीकशी रेघ होता. तिरकी, वर डावीकडून खाली उजवीकडे.

त्यांनी लूप सरकवला. दुसरा तारा. तशीच रेघ, तेवढाच तिरकेपणा. पुन्हा सरकवला. मंद, जेमतेम दिसणारा तारा. तीच रेघ. मग एका ठिपक्यावर नेला. तो ठिपका गोल होता, वाटाण्यासारखा गरगरीत. सरांनी डाव्या हाताचं बोट उभं केलं आणि हलवलं. नाही.



मी धुळीवर खुणा मागितल्या होत्या. त्यांनी खुणा करून दिल्या नाहीत, ओळखायची रीत दिली. शिक्षक माणूस.

"सर, म्हणजे जो असा तिरका तो तारा, आणि गोल ती धूळ?"

मान हलली. खाली आणि वर.

"पण सगळे तिरके का? कॅमेरा हलला होता?"

त्यांनी जोरात मान हलवली. नाही. जरा रागच आला असावा. मग हात इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागला. खाटेशेजारच्या स्टीलच्या कपाटावर मोसंबी होती. त्यांनी एक मोसंबं ओढलं, चादरीवर ठेवलं आणि बोटांनी हळूच फिरवायला लागले. फारच हळू. आणि माझ्याकडे बघत राहिले.

काकू स्टुलावरून उठल्या. 

"पृथिवी! पृथिवी दावालेत! शाळंत असंच दावायचं वो! मोसंबं न्हाईतर नारळ!"

फोटोचं बटण सरांनी अर्धा मिनिट दाबून धरलं होतं. तेवढ्या वेळात तारे जागचे हलले नव्हते. कॅमेरा हलला नव्हता. सडा हलला होता. सडा, त्यावर शालीत गुंडाळून बसलेल्या काकू, सर, गोठा, म्हैस, कोल्हापूर, आमची लॅब, सगळं घेऊन पृथ्वी तेवढ्यात जरा फिरली होती. ते फिरणं फिल्मवर उमटलं होतं, केसाएवढ्या रेघेत. मी इतकी वर्षं निगेटिव्ह बघत आले होते. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं. पण ती फिरताना मी त्या दुपारी पहिल्यांदा बघितली, दवाखान्याच्या खाटेवर.

सदाशिव पुढे आला. त्याचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"दाजी, मला वळकलासा?"

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग मोसंबं उचलून त्याच्या हातात ठेवलं.

तो गोंधळला. बहिणीकडे बघितलं. "काय करू?"

"फिरव की," काकू म्हणाल्या.

सदाशिवने मोसंबं तळहातावर धरलं आणि दुसऱ्या हाताने फिरवलं. सरांनी बोट हलवलं. नाही. त्याने आणखी हळू फिरवलं. पुन्हा नाही. मग सरांनी त्याचं मनगट धरलं आणि मोसंबं उलट्या दिशेने फिरवून दाखवलं. पश्चिमेकडून पूर्वेकडे.

"चुकलो!" सदाशिव ओरडला. "दाजी, चुकलो! हिकडनं तिकडं फिरती!" आणि तो एवढा मोठा माणूस तिथंच खाटेच्या कडेवर बसला, मोसंबं छातीशी धरून, आणि हुंदके द्यायला लागला. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं, पेशंटला काही झालं.

"काय झालं?"

"काय न्हाई," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्या सदाला आज भूगोल आला."

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. पण त्या चार लाल रेघा त्यांनी नीट बघितल्या. लूपमधून तारे बघितले. मग मला रेघांचा अर्थ पुन्हा सांगायला लावला. मी सांगितला. ते मग खुर्ची ओढून सरांसमोर बसले. इतके दिवस ते पायाशी उभं राहूनच बोलत होते, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. बोलणं जाणं आणि समज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. सरांचे शब्द अडकले होते. डोक्यातलं सगळं जागेवर होतं. किती जागेवर आहे, ते आता त्यांनी स्वतःच दाखवलं होतं. "घरी नेऊ नका," ते सदाशिवला म्हणाले. "बोलण्याचा आणि हाताचा सराव इथंच सुरू करू."

सदाशिव म्हणाला, "गाडी रिकामी न्हेतो की."

प्रिंट घेऊन मी लॅबमध्ये परत आले. अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, प्रिंट टेबलावर ठेवला, लूप लावला आणि ठिपक्यामागून ठिपका बघत सुटले. मध्येच म्हणायचे, "तिरका. तिरका. हा गोल. तिरका." एक गिऱ्हाईक आलं तर त्यालाही बोलावून दाखवलं. "ये, बघ, पृथ्वी फिरली ती बघ." गिऱ्हाईक पासपोर्टचे फोटो न्यायला आलं होतं. तेही बघत बसलं.

मग मी स्पॉटिंग केलं. गोल तेवढे बुजवले. तिरक्याला ब्रश लावला नाही, कितीही मंद असला तरी. प्रिंट पूर्ण झाला तेव्हा आभाळात ठिपके कमी झाले होते, पण ते आधीपेक्षा जास्त खोल दिसत होतं. धूळ एकाच पातळीवर बसलेली असते. ती गेली की मागचं अंतर उघडं पडतं. मला हे असं सांगता येतं, सिद्ध करता येत नाही.

सर फेब्रुवारीअखेर घरी गेले. बोलणं पूर्ण कधीच आलं नाही. थोडे शब्द आले. 'इंदू' आलं, 'चहा' आलं, 'चूक' आलं. काकू म्हणायच्या, "मास्तरकीला तेवढं बास." डाव्या हाताने लिहायला मात्र ते शिकले आणि शाळेतल्या मुलांना घरी विज्ञान शिकवायला लागले. फळ्यावर लिहायचे आणि मुलं मोठ्याने वाचायची. तो फोटो त्यांनी शाळेला दिला.

लॅब आता नाही. फिल्म गेली, तिच्याबरोबर धूळही गेली. माझ्या हातातलं कौशल्य आता कुणाच्या उपयोगाचं नाही, त्याचं मला फार वाटत नाही. पण या प्रकरणातून एक गोष्ट घेतली, ती अजून वापरते. ओळखीत कुणाला असा झटका आला, बोलणं गेलं, आणि घरची माणसं म्हणायला लागली की यांना आता काही समजत नाही, तर मी भेटायला जाताना फळं नेत नाही. पेन्सिल नेते. ती चालणाऱ्या हातात द्यायची, आपली अडचण सांगायची आणि गप्प बसायचं. प्रत्येक वेळी काही निघतंच असं नाही. पण विचारल्याशिवाय 'ब्लँक' लिहायचं नाही.